कॉमन पंगत

रुख्मा गेली तेव्हा बकाराम रडला नाही. गावाने वाट पाहिली. तेरवीपर्यंत पाहिली. डोंगरगडहून आलेली त्याची चुलतबहीण तर त्यासाठी मुक्काम वाढवून राहिली, आणि शेवटी गाडीत बसताना म्हणाली, "दादा, तू मोठा घट्ट मानूस हायेस." यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बकाराम घट्ट नव्हता. त्याला काही होतच नव्हतं. वाढलं की तो जेवे. भाजीत मीठ पडलं नव्हतं हे शेजारीण भांडं परत न्यायला आली की तिच्या तोंडून कळे. रोवणा झाला, लावलेला धान वर आला, बांधावर उभं राहून तो बघे. हिरवं दिसे, म्हणजे ठीक आहे असं समजून घरी येई. दातांचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपला असूनही आपला राहत नाही, तसं त्याचं अंगभर झालं होतं. फरक एवढाच, की दातांची सुई संध्याकाळपर्यंत उतरते.

भिंतीवर रुख्माचा हार घातलेला फोटो होता. आधार कार्डावरचा, मोठा करून आणलेला. त्यात ती एखाद्या चोरीची साक्ष द्यायला आल्यासारखी दिसत होती. दुसरे फोटोही होते, पोरीच्या मोबाइलमध्ये. पण मोबाइल समोर धरला की रुख्मा हात खाली सोडून, मान ताठ करून उभी राही आणि फोटो निघून पाच मिनिटं झाली तरी हलत नसे. "झालं ना माय आता," असं दामिनीला सांगावं लागे.

बकारामच्या माहितीत ती एकदाच कॅमेऱ्यासमोर हलली होती, कारण कॅमेरा चालू आहे हे तिला ठाऊक नव्हतं. दामिनीच्या लग्नात पंगत बसली होती. वाढपी वरण असं वाढत होता, जणू डोळ्यांत औषध घालतो आहे. रुख्माने त्याच्या हातातली बादली ओढून घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पंगत स्वतः वाढत गेली. ते शूटिंगमध्ये आलं होतं. लग्नानंतर सगळ्या घराने बसून एकदा पाहिलंही होतं. आता बकारामला ते पुन्हा पाहायचं होतं. रुख्मा, बादली, आणि तिचं चालणं. बाकी लग्नाशी त्याला घेणं नव्हतं.

पाहून काय होईल, हे त्याला माहीत नव्हतं. काहीतरी होईल असं वाटत होतं. अलीकडच्या मानाने वाटणं हेच पुष्कळ होतं.

त्याने दामिनीला फोन लावला.

"बाबा, तो लगनाचा पेनड्राइव्ह?" दामिनी म्हणाली. "त्याच्यात आमच्या देवराने ट्रॅक्टरवर वाजवाले गाने भरले ना."

"कोनते गाने?"

"धुमालचे."

"आन लगन?"

"लगन मिटवलं बाबा. जागा पुरत नव्हती."

बकारामला राग यायला हवा होता. त्याने फोन कानाला धरून थोडी वाट पाहिली. आला नाही. "बरं," तो म्हणाला आणि सालेकशाला निघाला.

लग्नाचं शूटिंग सालेकशाच्या टेकचंदने केलं होतं. टेकचंदचं दुकान म्हणजे फुलचूरच्या हुकुमचंदच्या फोटो स्टुडिओची शाखा. या पावसाळ्यात दुकानाशेजारच्या टॉवरवर वीज पडली होती. टॉवरला काही झालं नाही. टेकचंदचा कॉम्प्युटर मात्र गेला, आणि त्याच्या पोटात असलेली सगळी लग्नं घेऊन गेला.

"पन टेन्शन नाई काका," टेकचंद म्हणाला. "सगळं सेंटरले हाये. फुलचूरले. इथलं जळो, बुडो, तिथलं अमर हाये."

"मंग आन."

"आनतो ना जी. लाइनवरून येते. आपोआप."

हे सेंटर म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. हुकुमचंदच्या शाखा तीन: सालेकसा, देवरी, अर्जुनी. पूर्वी प्रत्येक शाखेचं सामान प्रत्येक शाखेत असे आणि ज्याचं त्याला सापडे. मग नागपूरहून एक कंपनीवाला आला आणि त्याने हुकुमचंदला समजावलं की, असं विखुरलेलं असणं फार धोक्याचं. सगळं एका ठिकाणी पाहिजे. हुकुमचंदला ते पटलं. फुलचूरच्या दुकानात मागची खोली रिकामी झाली, तिथे काळी पेटी आली, पेटीसाठी एसी आला. हुकुमचंद स्वतः बाहेर कूलरपुढे बसे. दसऱ्याला पेटीला हळदकुंकू लागे आणि फूल वाहिलं जाई. फूल जाळीवर पडून हवा अडते म्हणून लगेच काढलंही जाई. शाखांमधलं दिवसभराचं शूटिंग रोज इंटरनेटच्या तारेवरून त्या पेटीत जाऊन बसायचं. याला बॅकअप म्हणतात. तो इतकी वर्षं नेमाने चालला होता. मात्र गेलेलं परत आणायची वेळ आजवर एकाही शाखेवर आली नव्हती. जाणाऱ्यांची सोय चोख होती. परत येणाऱ्याचा विचार कोणी केलेला नव्हता.

टेकचंदने नव्या कॉम्प्युटरवर बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी आली. बकाराम बाकावर बसला.

पट्टी सरकते की नाही हे बघायला धानाचं बघतात तसं बघावं लागे. समोर बसून काही दिसत नाही, घरी जाऊन आलं की फरक कळतो. बकाराम घरी जाई, येई. चार टक्क्यांवरून पाच झाले. सहावर असताना लाइट गेली, आणि आल्यावर पट्टी पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा सहापर्यंत आली, तर आमगावकडे रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने तार तोडली. तार जोडली तेव्हा माकडांनी खांबावर बैठक घेतली होती. माकडं उठेपर्यंत देवरीचं आणि अर्जुनीचं रोजचं सामान त्याच तारेतून सेंटरला निघालं होतं, आणि ती गर्दी सरल्याशिवाय बकारामच्या घरच्या लग्नाला वाट मिळणार नव्हती.

पासपोर्ट फोटो काढायला येणारी माणसं बाकावरच्या म्हाताऱ्याला दुकानाचाच भाग समजू लागली. कोणी विचारलं तर टेकचंद सांगे, "काका रिस्टोर होऊन राहिले."

"मंग कवा होतीन?"

"होतीन. लाइनीत हायेत."

एक दिवस बकारामने विचारलं, "टेकचंद, थे फुलचूर किती दूर हाये?"

"गाडीनं गोंदिया, मंग ऑटो. दुपारपर्यंत पोचता."

"आन पट्टी?"

टेकचंदने पट्टीकडे बघितलं. तो तसा खरं बोलणारा माणूस होता. "पट्टी दिवाळी पायन," तो म्हणाला.

"मंग मी जातो."

"तुमी काऊन जाता? हे आपोआप येऊन राहिलं ना!"

"येऊ दे. मी बी जातो."

गोंदियाच्या गाडीत जागा मिळाली. धानाच्या बांध्या मागे जात होत्या, आमगाव गेलं, पोरं चढली, उतरली. समोरची बाई शिंगाडे सोलून खात होती, तिने याला दोन दिले. बकारामने ते खाल्ले. चव लागली का, हे तिने विचारलं नाही ते बरं झालं.

फुलचूरला हुकुमचंदने उठून स्वागत केलं. हा मोठा गोड माणूस. हजारो लग्नं पाहिल्यामुळे कोणीही दारात आलं की त्याला ते वरपक्षाचंच वाटे. "आओ आओ काका! खुद आ गये? अरे, सिस्टिम है ना आपल्याकडे! एका जागी बसून सगळं!"

"बसलो होतो ना जी," बकाराम म्हणाला. "लय बसलो."

हुकुमचंद हसला. त्याने आत हाक मारली आणि मशीन सांभाळणारी योगेश्वरी बाहेर आली. दोन लेकरांची आई, चष्मा कपाळावर चढवलेला, अंगात स्वेटर. मे महिन्यातही ती स्वेटर घालूनच काम करी, कारण एसी पेटीच्या मर्जीचा होता.

"सालेकशाचं रिस्टोर? तुमीच का ते काका?" ती म्हणाली. "टेकचंदचा रोज फोन येते. बसा. इथल्या इथं लावते, इथं तार नाई मधात."

पेटीच्या शेजारी बसल्यावर खरोखर वेळ लागला नाही. चहा येईपर्यंत लग्न हजर झालं. बकाराम, योगेश्वरी आणि हुकुमचंद त्या थंड खोलीत पडद्यासमोर बसले. बकारामने खांद्यावरचं उपरणं अंगाभोवती लपेटून घेतलं.

आधी गणपती फिरला. मग गुलाबाच्या पाकळ्यांतून दामिनीचं नाव आलं. मग हळद. वरात योगेश्वरीने भराभर पुढे पळवली. मग लग्न लागलं. कन्यादानाच्या वेळी रुख्मा बकारामशेजारी बसलेली होती. पण कॅमेरावाल्याचा सगळा जीव नवरीच्या मेंदीवर असल्याने रुख्माचा पडद्यात फक्त पदर आला होता, आणि पदराखाली कोणीही असू शकलं असतं.

"पंगत," बकाराम म्हणाला.

"येते काका."

पंगत आली. शालीकराम मंडपवाल्याचं गुलाबी-पिवळं कापड, त्याखाली लांबच्या लांब बसलेली माणसं, पत्रावळी, वरणाची बादली. बादली घेऊन एक बाई या टोकाकडून त्या टोकाकडे निघाली. हिरवं लुगडं, उंच, काटकुळी. डाव्या हाताने वाढत होती. भराभर वाढत गेली, वळली, हसली, आणि पडद्याबाहेर गेली.

बकारामने शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "हे कोन?"

हुकुमचंद चहात बघू लागला.

"तुमच्या घरचं नाई का कोनी?" योगेश्वरीने विचारलं, पण तिचा आवाज खाली गेला होता.

"नाई. आन हे मानसं बी नाई आमचे. लगन माह्या घरचं हाये, पंगत कोनाची जेवून राहिली?"

आता कंपनीवाल्याकडे पुन्हा यावं लागेल. बॅकअप सुरू झाला त्या वर्षी लग्नसराईत पेच आला होता. आदल्या दिवशीचं सामान पेटीत पोचायच्या आत दुसऱ्या दिवसाचं येऊन दारात उभं राही. कंपनीवाल्याने उपाय सांगितला: सामानात तंतोतंत एकसारखं जे असतं ते मशीन ओळखतं, आणि ते शंभरदा न ठेवता एकदाच ठेवतं. जागा वाचते, वेळ वाचतो. हा उपाय जगात सगळीकडे चालतो. त्यात अट एकच, ती तंतोतंतची. हुकुमचंदने मशीन लावून पाहिलं, तर मशीनला दोन लग्नांत एकही गोष्ट एकसारखी सापडेना. मशीनला बारीकसारीक फरक दिसतात. हुकुमचंदची नजर मोठी होती. त्याला सगळं एकसारखं दिसलं: मंडप शालीकरामचा, वाजवणारी धुमाल पार्टी तीच, वरण तेच, खाणाऱ्यांची तोंडं तीच. तेव्हा त्याने पेटीत 'कॉमन' नावाचा एक कप्पा उघडला. शालीकरामच्या मंडपातली एक चांगली पंगत ठेवली, एक चांगली वरात ठेवली. बाकीच्या लग्नांतून पंगती आणि वराती काढून टाकल्या. कोणी लग्न परत मागितलंच, तर कॉमनमधून जोडून द्यायचं. त्या दिवसापासून बॅकअप सकाळच्या चहाच्या आत संपू लागला. कंपनीवाल्याने फोन करून वेग कसा वाढला ते विचारलं, तर हुकुमचंद म्हणाला, "अनुभव."

"काका, बुरा मत मानो," हुकुमचंद म्हणाला, "पन पंगत म्हंजे काय असते? मानसं बसतात, खातात, उठतात. इथल्या दुकानातून तीन घरांनी लग्नं परत नेली. तिन्ही खूश. एका घरी तर पंगतीत आपला वारलेला काका दिसला म्हणून सगळे रडले. त्यांचा नव्हताच तो! पण रडले ना? समाधान झालं ना?"

"रडले?" बकारामने विचारलं.

"भरपूर."

बकारामने मान हलवली. त्याला त्या घराचा हेवा वाटला असता, वाटत असतं तर.

"मंग आमची पंगत कुठं हाये?"

"इथली काढली," योगेश्वरी म्हणाली. "मीच काढली. भाऊंनी सांगतलं आन म्या बटन दाबलं. टेकचंदच्या कॉम्प्युटरात अस्सल होती."

"थो जळला."

"हो."

हुकुमचंद उठला. दुकानात गिऱ्हाईक आलं असावं असं म्हणाला, आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात जाऊन बसला.

योगेश्वरीने चष्मा डोळ्यांवर घेतला, काढला, पुन्हा कपाळावर चढवला. "काकी होत्या का पंगतीत?"

"वरन वाढत होती."

"काकींचे दुसरे फोटो लावून देऊ का काका? गाणं टाकून? मस्त होते."

"फोटो हाये. मले चालताना पायाचं होतं."

"चालताना काऊन?"

बकारामने जरा विचार केला. हा प्रश्न आजवर त्याला कोणी विचारला नव्हता, त्यानेही नाही. "आमी कुठं बी जावो," तो म्हणाला, "वावरात, बजारात, तिच्या मायेरी, तं मी समोर राहो आन थे मांगं. जिंदगीभर. आवाज येये पायाचा. मी मांगं वळून पाहो तं थे उभी राहून जाये, म्हने काय झालं? मंग दिसन कसं? लगनाची शूटिंग पायली तवा पयल्यांदा दिसली. एका पायावर जोर देऊन चालत होती, बादली भरली असो का रिकामी. मी म्हनलो, अवं, तू अशी चालतेस? तं म्हने, इतक्या वर्सानं कळलं का तुमाले. सगळे हासले."

"मंग?"

"मंग लाइट गेली."

योगेश्वरीने चष्मा डोळ्यांवर ओढला. मग एकदम वळून बटणं दाबू लागली. "काका, वरात कोन्या गावची ठेवली मायीत हाये का कॉमनमधी? तुमचीच. दामिनीचीच. भाऊंले थो घोडा आवडला होता. वरातीच्या सामने तुमी दोघं गेले असान ना? व्याह्याले घ्याले?"

"गेलो होतो. थे आरतीचं ताट घेऊन होती."

"थांबा."

वरात आली. बकारामच्या घरची, अस्सल. त्या तीन घरांना हीच दिली गेली होती, पण ते आता असो. धुमाल वाजत होता, घोड्याला ते आवडत नव्हतं, पोरं नाचत होती. मंडपाच्या बाजूने बकाराम पडद्यात आला. नवं धोतर, डोक्यावर फेटा, चेहऱ्यावर मुलीच्या बापाला शोभेल असा घोर. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येऊ लागला. त्याच्या मागे कोणीतरी होतं. डाव्या अंगाला ताटाची कड दिसे, उजव्या अंगाला निळ्या लुगड्याचा काठ. मधली सगळी जागा बकारामने भरून काढली होती. तेव्हा तो अंगाने बरा होता.

"सरक ना थोडा," थंड खोलीतला बकाराम पडद्यातल्या बकारामला म्हणाला.

पडद्यातला सरकला नाही. चालत राहिला.

"पुन्हा लावू?"

"लाव."

पुन्हा आला, पुन्हा मध्ये. योगेश्वरीने चित्र सावकाश केलं. सावकाश केल्यावर तो तिला आणखी सावकाश झाकू लागला. ताटातला दिवा हलत होता. दिवा एकदा वर, एकदा खाली होई. म्हणजे मागचं माणूस एका पायावर जोर देत होतं.

"पाय टाकून राहिली," बकाराम म्हणाला.

"हो काका."

मग पडद्यातला बकाराम व्याह्याच्या गळ्यात हार घालायला वाकला, आणि त्याच्या पाठीवरून रुख्मा दिसली. कॅमेरा तिला दिसला नव्हता. ती ताट सावरत घोड्याकडे बघत होती, घोडा लाथ मारतो की काय अशा नजरेने. तोंडाने काहीतरी म्हणाली; धुमालात ऐकू आलं नाही. तिने ताट या हातातून त्या हातात घेतलं, बकारामच्या बाजूने पुढे यायला पाय उचलला, आणि वरात संपली. पडदा काळा झाला.

"पुढं?"

"पुढचं कापलं होतं काका. वरात लय लांब होती म्हून." योगेश्वरीने काळ्या पडद्यावरून नजर काढली नाही. "पुढं काही नाई."

"पाय उचलला होता तिनं."

"हो. पायला म्या."

"म्हंजे समोर आली असन."

"आलीच असन ना काका. उचललेला पाय ठेवलाच असन."

छातीत काही होतंय का ते बकारामने बघितलं. गुडघे थंडीने आखडले होते, तेवढं जाणवलं. डोळ्यांत काही नव्हतं. बाहेर हुकुमचंद कोणाला तरी फोनवर सांगत होता की, देवरीचा बॅकअप झाला, अर्जुनीचा झाला, सालेकशाच्या तारेवरून तेवढं कोणाचं तरी लग्न चाललंय, ते सरकत नाही.

"टेकचंदले सांगू का बंद कराले?" योगेश्वरीने विचारलं.

"राहू दे. मेहनत करून राहिला."

"मंग तुमाले पूर्ण शूटिंग टाकून देऊ पेनड्राइव्हवर? आज इथंच राहा, होऊन जाईन."

"पूर्न नको. थो मी वाकतो, तवापासून दे."

"तेवढंच? पाय उचलते तिथंलोग?"

"तिथंलोग."

योगेश्वरीने तेवढंच कापलं, पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. बकाराम टेकचंदच्या बाकावर बसे तसा मागे टेकून बसला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि निळी पट्टी यायची वाट बघू लागला.

पट्टी आलीच नाही. ते इतकं थोडं होतं, की ती दिसायच्या आत काम संपलं होतं.

"घ्या काका," योगेश्वरी म्हणाली.

"झालं?"

"झालं."